जाते आणि जांतें

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट शेजारी असताना, वाचकांपुढे व्याकरण वाढावे हा काही शहाणपणाचा प्रकार नव्हे, हे मला कळते. चकलीला काटा आला की नाही हे पाहण्याच्या दिवसांत क्रियापदाची फोड कोण पाहणार? पण एका प्रश्नाने मला गेले काही महिने स्वस्थ बसू दिलेले नाही. तो प्रश्न माझ्याच एका विद्यार्थ्याने मला विचारला, आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. तेव्हा वाचकांनी एवढी पाने मला माझ्या विद्यार्थ्याचे देणे फेडण्यासाठी द्यावीत, अशी विनंती आहे. माझी पदवी म्हणाल तर मॅट्रिक. भाषाशास्त्राचा अधिकार मला नाही. तीन-चार कादंबऱ्या लिहिल्या आणि वीसेक वर्षे शाळेत मराठी शिकवले, एवढ्याच शिदोरीवर हे लिहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात हा मुलगा घरी आला. आता मुलगा कसला, चांगला बाप्या झाला आहे. पण बाईंच्या लेखी विद्यार्थी कधी मोठा होत नाही. आमचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही लेण्यांचा उंबरठा आहे. परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवण्याचे काम करावे, असे त्याने मनात घेतले आहे. "बाई, मी फ्रेंच शिकू रायलो," असे म्हणून त्याने पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली.

"हे बघा. बोलणे या क्रियापदाची वर्तमानकाळाची सहा रूपं. लिहायला पाच. अन् बोलायला किती, तर तीन! चार रूपांचा आवाज एकच."

आम्ही दोघेही हसलो. चहा झाला. निघताना दारात तो सहज म्हणाला, "बाई, आठवतं का? सातवीत माझ्या निबंधात मी 'जाऊ रायलो' लिहिलं होतं. तुम्ही तांबड्या शाईनं खोडलं अन् चार गुण कापले. मग ह्या फ्रेंचवाल्यांचे किती कापायचे?"

तो हसतच गेला. मी मात्र बराच वेळ दारात उभी होते.

१

प्रथम त्याची वही नीट पाहू. फ्रेंचमध्ये 'पार्ले' म्हणजे बोलणे. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, या चारही ठिकाणी तोंडातून निघतो तो एकच उच्चार: पार्ल्. एक स्वर, एकच अवयव. आम्ही बोलतो याला पार्-लों, तुम्ही बोलता याला पार्-ले. तिथे दोन अवयव. पण कागदावर पाहावे तर 'तू'च्या रूपाच्या शेवटी एक 'एस' बसलेला आहे, आणि 'ते'च्या रूपाच्या शेवटी 'ई', 'एन', 'टी' अशी तीन अक्षरे रांगेने उभी आहेत. तीनही मुकी. लग्नात मानाची पंगत बसावी आणि कोणी जेवू नये, तशी ती बसलेली असतात.

इथे माझ्यासारखी मराठीची शिक्षिका पटकन म्हणून जाते, "काय ही लबाड भाषा! आमचे बघा, जसे बोलतो तसे लिहितो." हा अभिमान आम्ही पहिलीपासून मुलांच्या गळी उतरवतो. त्याचा पुढे समाचार घ्यायचाच आहे. तूर्त एवढेच पाहू की ही मुकी अक्षरे अगदी निरुपयोगी नाहीत. ते 'ई-एन-टी' हा लॅटिनमधल्या बहुवचनी प्रत्ययाचा अवशेष आहे. एरवी तो झोपलेला असतो; पण 'ते बोलतात का?' असे उलट फिरवून विचारले आणि क्रियापदामागे स्वराने सुरू होणारे सर्वनाम आले, की तोच 'टी' जागा होतो आणि पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो: पार्ल्-तील्.

दुसरा मासला याहून बोलका आहे. 'तो येऊन पोचतो' आणि 'ते येऊन पोचतात' यांत क्रियापदाचा उच्चार अगदी एक. मग ऐकणाऱ्याला एक आला की अनेक आले, हे कळावे कसे? एकवचन तोडायचे ते असे: इ-ला-रीव्. बहुवचन असे: इल्-झा-रीव्, यातला झ 'झरा'तला. म्हणजे सर्वनामाच्या शेवटचा मुका 'एस' क्रियापदाचा पहिला स्वर पाहून बोलू लागला. एकवचन आणि बहुवचन यांतला सारा भेद क्रियापदात नाही, सर्वनामात नाही, तर दोघांच्या मधल्या सांध्यात आहे. शब्द कुठे तोडायचा हे ज्याला कळले नाही, त्याला किती माणसे आली हेच कळणार नाही.

माझा विद्यार्थी म्हणाला, की शब्द पाठ करणे सोपे, तोडणे अवघड. फ्रेंचांचा घशातला 'र' मात्र त्याला जड गेला नाही. उर्दूतल्या 'ग़रीब'च्या 'ग़'च्या शेजारचाच तो ध्वनी, आणि आमच्या गावात उर्दू ऐकत वाढलेल्या पोराच्या घशाला ती वाट आधीच ठाऊक असते.

२

आता आपल्या अभिमानाकडे वळू. जसे बोलतो तसे लिहितो, हे खरे आहे काय?

'करतो' हा शब्द घ्या. लिहिताना अक्षरे तीन: क, र, तो. आता मोठ्याने म्हणा. कर्-तो. दोनच. 'र'मधला 'अ' कागदावर आहे, तोंडात नाही. 'बसला' म्हणजे बस्-ला, 'निघतो' म्हणजे निघ्-तो. पण 'बसवला' म्हणा बरे. ब-सव्-ला. मघा ज्या 'स'मधला 'अ' गळाला होता तो परत आला, आणि 'व'मधला गेला.

गंमत अशी की हे सारे आपण कोणी न शिकवता करतो. सुताराची 'करवत' आणि दुसऱ्याकडून काम 'करवतो' हे क्रियापद यांची पहिली तीन अक्षरे तीच. पण करवत तुटते कर्-वत् अशी, आणि करवतो तुटते क-रव्-तो असे. 'समजतो' हे स-मज्-तो. पण 'समजावतो' हे सम्-जाव्-तो. धातू एकच, आणि तो दोन जागी मोडतो. यामागे साधारण नियम आहे. शब्दाच्या अखेरचा 'अ' जातो. मग शेवटाकडून मागे येत चलावे. ज्या 'अ'च्या मागेही स्वर आहे आणि पुढच्या अक्षरातही स्वर नांदता आहे, तो गळतो. मात्र लागोपाठ दोन गळत नाहीत. सामासिक शब्दांत याला अपवाद सापडतात, पण क्रियापदांत हा नियम बराच पाळला जातो. अडाणी म्हणून ज्याला आपण हिणवतो, तो माणूसही तो जन्मभर पाळतो.

हा 'अ' म्हणजे आपला मुका 'ई'. फ्रेंचांचीही नेमकी हीच गत आहे. हाक मारणे या त्यांच्या क्रियापदात 'मी हाक मारतो' हे आ-पेल् असे बोलतात आणि 'आम्ही हाक मारतो' हे आ-प्लों असे. मधला स्वर पहिल्यात उभा आहे, दुसऱ्यात गळाला. समजतो आणि समजावतो यांचे जसे झाले तसेच. परंतु एक फरक आहे, आणि तो आपल्या अभिमानाला थोडा बोचणारा आहे. फ्रेंच लेखनात स्वर उभा असेल तेव्हा 'एल' हे अक्षर दोनदा लिहितात, गळाला असेल तेव्हा एकदा. विकत घेणे या क्रियापदात उभ्या स्वरावर तिरकी रेघ देतात, गळालेल्यावर देत नाहीत. म्हणजे जिला आपण लबाड म्हटले ती भाषा इथे वाचणाऱ्याला खूण करून ठेवते. आणि आपली प्रामाणिक देवनागरी 'करवत' व 'करवतो' यांत काही फरक आहे हे सांगतही नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारा. तो सांगेल की आपले मुके अक्षर पाहूनही ओळखता येत नाही, कारण ते बोलक्यासारखेच दिसते.

३

शीर्षकातल्या दोन शब्दांकडे आता येते. 'ती जाते' यातले जाते हे क्रियापद. धान्य दळायचे जाते हे नाम. आज दोन्ही एकसारखी लिहितात. जुन्या लेखनात नामावर दोन टिंबे होती: जांतें. संस्कृत 'यंत्र'पासून हा शब्द आला. पहिले टिंब 'यंत्र'मधल्या नकाराची आठवण, दुसरे नपुंसकलिंगाची. क्रियापदातही तसेच होते. 'ती जाते' हे स्त्रीलिंग बिनटिंबाचे, 'तें जातें' हे नपुंसकलिंग टिंबाचे. बोलताना दोहोंत काही भेद उरला नव्हता. फ्रेंचांच्या 'ई-एन-टी'सारखीच ही मुकी मानाची पंगत.

मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ची. त्याचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, आणि न उच्चारले जाणारे व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. त्याआधी या टिंबांपायी किती शाई सांडली आणि किती मित्रांनी बोलणे टाकले, हे जुनी मासिके चाळली तर दिसते. शिक्षिका म्हणून मी या नियमाच्या बाजूची आहे. न ऐकू येणारे टिंब मुलाने ऐकावे कसे? तरीही ते टिंब अगदीच मनमानी नव्हते, हे सांगितले पाहिजे. गोव्याच्या कोकणीत नपुंसकलिंगी रूपांतला तो नाकातला स्वर अजून जिवंत आहे. आपल्या बोलण्यातून तो नाकातूनही गेला आणि नुसत्या कागदावर राहिला. फ्रेंचांचे उलटे. 'पार्लों'मधला त्यांचा 'न' जिभेवरून गेला, पण नाकात राहिला.

फ्रेंचांनीही १९९० साली आपल्या लेखनात थोडी सुधारणा केली. स्वरावरची टोपीसारखी खूण, जी पुष्कळदा पूर्वीच्या गळालेल्या 'एस'ची आठवण असते, ती 'इ' आणि 'उ' यांच्यावरून काढण्याची मुभा दिली. पण काही क्रियापदांच्या रूपांवर मात्र ती राखली. कारण तिथे टोपी काढली तर दोन वेगळी रूपे लेखनात एक होतात. आपण 'जाते' आणि 'जांतें' एक केले. त्यांचा हात तिथे अडखळला. कोणी बरोबर, हा वाद मी घालणार नाही. पण दोन्ही घरच्या चुली मातीच्याच, एवढे तरी दिसते.

आणि हाकलून दिलेले टिंब परत आले ते पाहा. 'केलं', 'झालं', 'सांगितलं' ही बोलण्यातली रूपे आपण टिंब देऊन लिहितो. यात नाकाचा संबंध नाही. 'केल' असे लिहिले तर वाचणारा शेवटचा 'अ' गाळील, म्हणून 'इथला अ गाळू नका, ओढून म्हणा' एवढे सांगायला टिंब बसवले. ज्या खुणेला आपण मुकी म्हणून निरोप दिला, तिलाच आपण स्वर बोलका ठेवण्याच्या चाकरीवर ठेवले. मुलांना हे सांगितले की त्यांना फार हसू येते, आणि मग ती कधी विसरत नाहीत.

४

बोलताना गळालेला हा 'अ' कवितेत मात्र मोजला जातो. फ्रेंच छंदाचा कायदा असा आहे की मुका 'ई' पुढे व्यंजन आले तर मोजायचा, पुढे स्वर आला किंवा ओळ संपली तर मोजायचा नाही. त्यांच्या बारा अवयवांच्या मोठ्या ओळीत 'ते बोलतात' हे रूप व्यंजनापूर्वी आले तर ते दोन अवयवांचे होते, जे बाजारात एकाचे असते. गाण्यात तर मुका 'ई' सुरावर चढून बसतो. 'फ्रेर झाक' हे त्यांचे लहान मुलांचे गाणे. बोलताना त्या नावाचे दोनच अवयव, गाताना चार सूर.

आपले वेगळे काय आहे? अक्षरवृत्तात 'करतो' हे लघु, लघु, गुरू. बोलण्यात ते गुरू, गुरू. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे मोजतात; ती लिहिलेली मोजतात, बोललेली नव्हे. पूर्वी या क्रियापदाचे रूप 'करितो' होते, आणि त्यातला 'रि' गळत नव्हता. बोलण्यात 'रि'चा 'र' झाला आणि मग 'र'मधला 'अ'ही गेला. कवी मात्र पुष्कळ काळ 'करितो'लाच धरून राहिले. ते जुनेपणाच्या हौसेने नव्हे, तर तीन अक्षरे खरोखर तीन ऐकू यावीत म्हणून, असे मला वाटते.

रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. या वृत्तात लघु-गुरु-गुरू असा एकच गण ओळीत चार वेळा येतो. आता करावे, धरावे, वदावे, त्यजावे ही रूपे उच्चारून पाहा. प्रत्येक रूप नेमके लघु-गुरु-गुरू! उपदेशाला लागणारे क्रियापदाचे रूप आणि वृत्ताचा गण यांचा साचा एकच आहे, आणि त्यात एकही 'अ' गळणारा नाही. म्हणून लिहिलेले आणि बोललेले तिथे तंतोतंत जुळते. जांबच्या या समर्थांचे श्लोक अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही न अडखळता येत असत, याचे एक कारण मी यात पाहते. दुसरे कारण अर्थातच श्रद्धा.

आमच्या गावाजवळ आणखी एक शाळा नांदून गेली. सिराज औरंगाबादी हा अठराव्या शतकातला थोर उर्दू कवी इथला. उर्दू काव्यात ओळीचे तुकडे पाडून वजन पाहण्याच्या रीतीला तक्तीअ म्हणतात. तिथे कायदा सरळ: जे उच्चारले ते मोजायचे, जे नुसते लिहिले ते सोडायचे. नाकातला 'नून' मोजणीत धरत नाहीत. म्हणजे फ्रेंच आणि मराठी वृत्त जुन्या उच्चाराच्या बाजूने कौल देतात, आणि उर्दू आजच्या कानाच्या बाजूने. एकाच गावात शाळेत मराठी श्लोक म्हणणारा आणि गल्लीत शेर ऐकणारा मुलगा हे दोन्ही हिशेब न गोंधळता सांभाळतो.

माझी आजी पैठण तालुक्यातली. तिचे जाते तिच्या मागे आमच्या अंगणात पालथे पडून आहे. ती बोलताना 'दळते' हे दळ्-ते म्हणायची. जात्यावर बसली की तेच द-ळ-ते व्हायचे. जात्याच्या फेऱ्याला तीन ठोके हवे असले की गळालेला 'अ' आपोआप परत यायचा, आणि दोनच हवे असले की पुन्हा गळायचा. तिला छंदशास्त्र कोणी शिकवले नव्हते. गी पॉइत्वां या फ्रेंच गृहस्थांनी पुण्यात राहून हेमा राईरकर यांच्याबरोबर खेडोपाडीच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. २००४ साली ते वारले. लिहिलेल्या आणि बोललेल्या भाषेतले अंतर ज्याच्या घरातच होते, अशा देशातला माणूस आमच्या आज्यांचे नुसते गायलेले ऐकायला आला, याचे मला नवल वाटत नाही.

५

दुसऱ्या एका फ्रेंच माणसाचे ऋण तर आपण विसरलोच आहोत. झ्यूल ब्लॉक या पंडिताने मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसला निघाला. १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. ग्रंथ कठीण आहे. माझ्यासारखीला तो तीनदा वाचावा लागला, आणि तरी सगळा कळला असे म्हणवत नाही. पण त्यातली एक वृत्ती कळली. शब्दाच्या शेवटचा स्वर गेला, मधला गेला, 'इ'चा 'अ' झाला, या घटना तो पंडित अशा रीतीने सांगतो, की नदीने पात्र बदलले. कोणी बिघडवले, कोणाची जीभ जड, हा सूर त्यात नाही. गंमत म्हणजे या पंडिताचे पहिले नाव आपण पुष्कळदा 'ज्यूल्स' असे लिहितो. त्यातला 'एस' मुका आहे. मराठीचे मुके स्वर ज्याने ऐकले, त्याच्या नावातले मुके अक्षर आपण बोलके करून ठेवले!

ही ऐकण्याची वृत्ती आपल्या टीकावाङ्मयात किती आहे? ग्रामीण कादंबरीचे परीक्षण लिहिताना 'बोलीचा गोडवा' आणि 'मातीचा वास' हे दोन शब्द लिहिले की काम भागते. बोलीत काय आहे, क्रियापद कुठे मोडते, तो मोड त्या माणसाविषयी काय सांगतो, हे कोणी लिहीत नाही. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ सालची. एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून ती सारी कादंबरी येते. नुसते संवाद नव्हेत, निवेदनही. १९६२च्या नियमांत अशी सवलत आहे की पात्राच्या तोंडी उच्चारानुसारी रूपे घालण्यास हरकत नाही, एरवी लेखी रूपेच वापरावीत. बोराड्यांनी काय केले, तर सगळे पुस्तकच पात्राच्या तोंडी दिले. नियम मोडला नाही आणि लेखकाची म्हणून वेगळी शुद्ध भाषा त्या बाईच्या डोक्यावर उभीही केली नाही. मला 'पाचोळा'चे मोठेपण इथे दिसते. त्या बाईचे दुःख वाचताना तिच्यापेक्षा शहाणा असा कोणी मध्ये उभा नसतो.

फ्रेंचांकडेही असा एक खटाटोप झाला. रेमों कनो यांची 'झाझी दां ल मेत्रो' ही कादंबरी १९५९ची. तिचा पहिलाच शब्द म्हणजे एक आख्खा प्रश्न, क्रियापदासकट, जसा तोंडातून सांडतो तसा एकत्र चिकटवून लिहिलेला. वाचणारा प्रथम बुचकळ्यात पडतो, मग मोठ्याने वाचतो, आणि मग हसतो. कनो यांचा हेतू फ्रेंचांना त्यांचीच भाषा ऐकवण्याचा होता. पण दोघांत फरक आहे. कनो यांची ती थट्टामस्करी आहे. ती करताना लेखक आपल्या चातुर्याकडेही बोट दाखवतो. 'पाचोळा'त कोणी बोट दाखवत नाही.

हे लिहिते आहे खरे, पण माझा स्वतःचा हिशेब काय आहे? माझ्या पहिल्या कादंबरीतला गडी म्हणतो, "काय करू रायला?" छापून आलेल्या प्रुफात ते "काय करू राहिला आहेस?" असे झाले होते. मुद्रितशोधकाचा हेतू चांगला होता. मी रागावले, पत्र लिहिले, मूळ रूप परत मिळवले. 'रायला'चे अवयव दोन, 'राहिला आहेस'चे पाच. तेवढ्या अवधीत माझा गडी बांधावरून घराकडे निघून गेला असता! हे मी त्या पत्रात लिहिले होते, आणि मला त्या वाक्याचा अभिमानही वाटला होता.

आणि त्याच वर्षी सातवीच्या वर्गात मी त्या मुलाचे 'जाऊ रायलो' तांबड्या शाईने खोडले.

माझ्या कागदावरच्या गड्याला जो न्याय, तो माझ्या वर्गातल्या मुलाला नाही. नियमाकडे बोट दाखवून मी सुटू शकेन. निबंध म्हणजे पात्राचे तोंड नव्हे. पण १९७२ साली जे पुरवणी नियम आले, त्यांत असेही आहे की केशवसुतांपूर्वीचे पद्य छापताना ते मुळानुसारच छापावे. योग्यच आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते म्हणूनच. गेलेल्यांच्या क्रियापदांना हात लावू नये असे आपण ठरवले. जिवंत मुलाच्या क्रियापदाला मात्र चार गुणांचा दंड.

६

मग काय, शाळेत प्रत्येकाने वाटेल तसे लिहावे? असे मी म्हणत नाही. बारा कोसांवर बोली बदलते. नांदेड-लातुराकडचा मुलगा 'जायलो' म्हणेल, आमचा 'जाऊ रायलो', पुण्याचा 'जातोय'. तिघांनी एकमेकांची पत्रे वाचायची तर एक लेखी रूप हवे. फ्रेंच मुलालाही ती मुकी अक्षरे लिहावीच लागतात, आणि चुकला तर त्याचेही गुण जातात. परंतु त्याला कोणी असे सांगत नाही की तुझ्या तोंडातला उच्चार अशुद्ध, कारण तो कागदासारखा नाही. दक्षिण फ्रान्सची माणसे तो मुका 'ई' अजून किंचित बोलतात. त्यांच्या 'पार्ल'ला दोन अवयव असतात. लिहितात मात्र सगळे सारखेच. लेखन हा एक करार आहे, आणि उच्चार ज्याच्या त्याच्या घरचा आहे, हे दोन वेगळे धडे आहेत. आम्ही मराठी शिक्षक दोन्ही धडे एकाच तांबड्या शाईने शिकवतो. 'जसे बोलतो तसे लिहितो' या खोट्या अभिमानाचे हे खरे नुकसान आहे. कागदावरचे बोलण्यासारखे असते असे एकदा मानले, की कागदासारखे जो बोलत नाही तो चूकच ठरतो.

पुण्याचे 'जातोय' तरी काय आहे? 'जातो आहे' यातले चार अवयव दाबून दोन केलेले: जा-तोय्. आमचे 'जाऊ रायलो' म्हणजे 'जाऊ राहिलो' यातला 'हि' वितळून झालेले. कारागिरी तीच. एकाला आपण कथेत, जाहिरातीत, वर्तमानपत्रात जागा दिली. दुसऱ्याला निबंधात खोडले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी एक केले. सातवीच्या फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'बोलतो', दुसऱ्यावर 'लिहितो'. मुलांना घरच्या क्रियापदांची रूपे विचारली आणि पहिल्या रकान्यात जशीच्या तशी लिहिली. मग टाळी वाजवून प्रत्येकाचे अवयव मोजले. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी सर्वांत पुढे होती. तिच्या घरी तीन बोली आहेत. शेवटी मुलांनीच दुसरा रकाना भरला. त्या दिवशी तांबडी शाई लागली नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी पत्राने कळवले, की तुझे चार गुण परत केले आहेत. त्याचे उत्तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोनवर आले. लेण्यांतल्या एका मूर्तीविषयी फ्रेंचमध्ये काय सांगायचे ते तो घोकत होता.

"बाई, आता जमू रायलं," तो म्हणाला.

मी मनातल्या मनात अवयव मोजले, आणि "छान जमू रायलं," असे म्हटले.